केबिन रोडवरची 'दुबई'

भाईंदर पूर्वेला स्टेशनबाहेर पडून केबिन रोडला लागले की पहिल्या दहा मिनिटांतच परदेश भेटायला लागतो. झेरॉक्सच्या दुकानावर 'पासपोर्ट-व्हिसाचे फोटो मिळतील' अशी पाटी असते. किराणा दुकानात खजुराची पाकिटे असतात आणि त्यांवर उजवीकडून डावीकडे वाचायची लिपी असते. ज्या गॅसवर रिक्षा धावते आणि ज्या गॅसवर आपल्या घरी भाकरी भाजली जाते, त्यातलाही काही हिस्सा कतार, सौदी, अमिरातीकडून जहाजाने आलेला असतो. पण केबिन रोडवर कोणालाही विचारा, त्या सगळ्या मुलखाला इथे एकच नाव आहे, दुबई. मुलगा मस्कतला असो, कुवेतला असो की रियाधला असो, आई सांगते, "तो दुबईला असतो."

मागच्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या ताई असेच सांगत घरी आल्या. हातात पेढ्यांचा पुडा होता. "दादा, पोराचं दुबईचं काम झालं." मी कागद मागितला. कागद इंग्रजीत होता. त्यावर 'अल जुबैल, के. एस. ए.' असे छापलेले होते. म्हणजे किंगडम ऑफ सौदी अरेबिया. मी म्हणालो, "ताई, ही दुबई नव्हे, हे सौदी. जुबैलपासून दुबई म्हणजे इथून नागपूरइतकं लांब, आणि मध्ये दुसऱ्या देशाची हद्द." ताई जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "काय फरक पडतो? सगळे अरबच ना?"

फरक पडतो. तो किती पडतो हे ताईंना सांगता सांगता माझ्या लक्षात आले की हे आपल्या पुष्कळ घरांत सांगायला हवे, म्हणून हा लेख.

मुलगा बावीस वर्षांचा. नववीत शाळा सुटली आणि भाईंदरच्याच एका स्टीलच्या गाळ्यात तो आर्गन वेल्डिंग शिकला. हात चांगला आहे. ताई सोसायट्यांमधून पोळी-भाजीची कामे करतात. त्यांचे यजमान वारले त्याला आठ वर्षे झाली. एजंटाने नव्वद हजार रुपये मागितले होते, तेही रोख, आणि पावती मिळणार नाही असे आधीच बजावले होते. भिशीचे चाळीस हजार होते. उरलेल्यासाठी सासूने दिलेल्या पाटल्या मोडायच्या असे मायलेकांनी ठरवले होते.

मला माझा थोरला भाऊ आठवला. १९८३ साली तोही असाच 'दुबईला' निघाला होता. वडिलांनी गावचा जमिनीचा तुकडा गहाण टाकला, बैलजोडी विकली. सहार विमानतळावर गेल्यावर कळले की व्हिसा खोटा आहे. दुसऱ्या दिवशी एजंटाच्या ऑफिसला कुलूप. जमीन काही परत आली नाही. भाऊ पुढे आयुष्यभर एका गोदामात हमाली करून गेला. वरून विमान गेले तर तो मान वर करीत नसे. असो.

मी पोस्टात होतो. तीस वर्षे टपाल वाटले, त्यातली बरीच वर्षे भाईंदर पूर्वेला. त्या काळात केबिन रोड, नवघर रोड, गोडदेव या बाजूला नव्या इमारती उठत होत्या आणि त्यांतल्या कितीतरी घरांत आखातातून टपाल येई. लाल-निळ्या कडेचे पाकीट दिसले की घरची बाई दारातच उभी राही. पाकिटात कधी बँकेचा ड्राफ्ट असे, कधी कॅसेट असे. ज्यांना लिहिता येत नव्हते ते बोलून पाठवीत आणि घरची मंडळी टेपवर ऐकत. माझी भूगोलाची शाळा म्हणजे त्या पाकिटांवरची तिकिटे. अरबी आकडे मी तिथेच शिकलो. त्यांचा तीन बराचसा आपल्या तीनसारखा दिसतो, पण त्यांचा पाच म्हणजे गोल, अगदी आपल्या शून्यासारखा, आणि त्यांचे शून्य म्हणजे नुसता ठिपका. पहिल्यांदा मला वाटले की हे लोक शून्य किमतीची तिकिटे छापतात! गंमत अशी की युरोपातले लोक त्यांच्या आकड्यांना 'अरबी आकडे' म्हणतात, आणि अरब लोक आपल्या आकड्यांना 'हिंदी आकडे' म्हणतात. आकडे कुठून आले हे त्यांनी नावातच कबूल करून ठेवले आहे.

तर अरबी बोलणारे देश किती? अरब लीग नावाची त्यांची संघटना २२ मार्च १९४५ रोजी कैरोत स्थापन झाली आणि आज तिचे २२ सभासद देश आहेत. पश्चिमेला अटलांटिक महासागराच्या काठचे मोरोक्को आणि मॉरिटानिया, पूर्वेला आपल्या समोरचा ओमान. इराण त्यांत नाही. इराणी लोकांची भाषा फारसी, तेव्हा नाक्यावरच्या इराणी हॉटेलचा मालक अरब नव्हे. तुर्कस्तानही नाही. आणि सगळे अरब मुसलमानच असतात असेही नाही. इजिप्त, लेबनॉन, सीरिया इथे अरबी बोलणारे ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. या देशांना बांधणारा धागा भाषेचा आहे. तोही आपल्यासारखाच. वऱ्हाडी माणूस आणि मालवणी माणूस आपापल्या बोलीत भराभर बोलू लागले तर एकमेकांचे तोंड बघत बसतील, पण छापील मराठी दोघेही वाचतात. तसेच मोरोक्कोच्या माणसाची बोली कुवेतवाल्याला कळताना कष्ट पडतात, पण वर्तमानपत्र दोघांचे एकाच भाषेत. इजिप्तची गायिका उम कुलसुम कैरो रेडिओवर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी गात असे, तेव्हा हे सगळे देश कान लावून बसत. ती १९७५ साली वारली, तरी तिची गाणी अजून वाजतात.

पण पैशाच्या बाबतीत हा धागा पुरत नाही. तेल आहे तिथे माणसे थोडी आणि माणसे आहेत तिथे तेल थोडे, हे त्या मुलखाचे मुख्य गणित. सौदी अरेबिया आकाराने आपल्या देशाच्या जवळपास दोन तृतीयांश, पण त्यात बारमाही नदी एकही नाही. २०२२ च्या शिरगणतीत तिथे ३ कोटी २२ लाख माणसे मोजली गेली, त्यांतली सुमारे १ कोटी ३४ लाख परदेशी. कतार आणि अमिरातीत तर दर दहा माणसांत साधारण नऊ बाहेरची. उलट इजिप्तमध्ये दहा कोटींहून अधिक लोक नाईल नदीच्या चिंचोळ्या पट्टीत दाटीवाटीने राहतात. त्या देशाचा आधार म्हणजे १८६९ साली उघडलेल्या सुएझ कालव्यातून जाणाऱ्या जहाजांचे शुल्क, पिरॅमिड पाहायला येणारे पर्यटक, आणि बाहेर गेलेल्या माणसांनी घरी धाडलेला पैसा. होय, अरब माणूससुद्धा दुसऱ्या अरबाच्या देशात चाकरीला जातो. इजिप्तचा मास्तर, येमेनचा दुकानदार, सुदानचा मजूर सौदी-कुवेतला परकाच असतो. हे ऐकून ताईंनी तोंडावर हात ठेवला. येमेन तर सौदीच्या कुंपणाला लागून आहे, आणि २०१५ पासूनच्या युद्धाने तिथली लेकरे उपाशी पडली. इराक, लिबिया, अल्जीरिया इथे तेलही आहे आणि माणसेही आहेत, पण पहिल्या दोन देशांची लढायांनी वाताहत केली. मोरोक्कोत तेल जवळजवळ नाहीच, मात्र जगातल्या ज्ञात फॉस्फेटच्या साठ्यांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास एकट्या त्या देशात आहे. पावसाळ्यात भाजीवाला खताचे रिकामे पोते डोक्यावर घेऊन बसतो, त्या खतातला स्फुरद पुष्कळदा मोरोक्को किंवा जॉर्डनहून आलेला असतो.

आता सांगतो ती गोष्ट नव्या पोरांना खरी वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी गंगा उलटी वाहत होती. तेल निघण्याआधी आखाताचा धंदा म्हणजे मोती आणि खजूर, आणि त्यांची मोठी पेठ म्हणजे मुंबई. आपल्याकडे श्रीमंतांच्या नथीत 'बसरा मोती' असे, तो त्याच समुद्रातून आलेला. तो काढणारे पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून खाली जात. त्यांना आगाऊ रक्कम देऊन बांधून घेत. ती फिटत नसे आणि बाप मेला की कर्ज मुलाच्या मानेवर येई. आपल्या गावाकडच्या सालदारासारखेच. ताईंचा मुलगा ज्या जुबैलला निघाला होता, तेही तेव्हा मासेमारी आणि मोत्यांवर जगणारे गाव होते. १९२०-३० च्या सुमारास जपानने शिंपल्यांत मोती वाढवण्याची युक्ती बाजारात आणली, त्यातच जगभर मंदी आली, आणि हा धंदा बसला. मग तेल लागले. बहरीनमध्ये १९३२ साली, सौदीत आणि कुवेतमध्ये १९३८ साली.

आणि तिथे चलन कोणते होते? आपला रुपया. बाबासाहेबांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्या वेळी त्याच रुपयाने दुबई-मस्कतचा बाजार चालत होता. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ साली आणि बहरीनने १९६५ साली आपले चलन सुरू केले. ६ जून १९६६ रोजी आपल्या रुपयाचे अवमूल्यन झाले आणि मग बाकीच्यांनीही एकेक करून रुपया सोडला. एडन हे अरबी बंदर तर १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबई इलाख्यातून चालवले जात होते. ओमानचे सुलतान तैमूर बिन फैसल गादी सोडल्यानंतर शेवटी मुंबईत येऊन राहिले आणि १९६५ साली इथेच वारले. त्या काळी त्यांची 'दुबई' म्हणजे आपली मुंबई होती.

१९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला. पिंपामागे सुमारे तीन डॉलरचा भाव थोड्याच महिन्यांत बारा डॉलरच्या जवळ गेला. पैशाचा पूर आला आणि त्या पैशाचे रस्ते, बंदरे, कारखाने बांधायला माणसे हवी झाली. १९७५ नंतर जुबैलचे मोठे औद्योगिक शहर झाले. केरळ आणि कोकणातली माणसे आधी गेली. आपली माणसे मागून, थोडी आणि उशिरा गेली, निदान माझ्या टपालाच्या हद्दीत तरी मी असेच पाहिले. तिकडे जायला नुसते कसब पुरत नाही; आधी गेलेला भाऊबंद लागतो, आणि एजंटाला द्यायला पदरी पैसा लागतो. आमच्या घरी दोन्ही नव्हते.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकची फौज कुवेतमध्ये घुसली आणि तिकडचे टपाल थांबले. केबिन रोडलगतच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी होत्या. त्यांचा मुलगा कुवेतला गवंडी होता. मी इमारतीत शिरलो की त्या जिन्याच्या कठड्याला धरून खाली बघत. मी मान हलवायचो. दुसऱ्या कोणाचे पत्र द्यायला तिसऱ्या मजल्यावर जायचे असले, तर मी ते खालच्या पेटीत टाकून निघून जायचो. आज कबूल करतो. सप्टेंबरच्या शेवटी मुलगा आला, एका पिशवीनिशी. इराकच्या वाळवंटातून बसने जॉर्डन, तिथे तंबूत दिवस काढले, मग अम्मानहून एअर इंडियाचे विमान. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात अशा एक लाखाहून अधिक भारतीयांना विमानाने मुंबईस आणले गेले. त्या गवंड्याने पिशवीत कपडे कमी आणि कागद जास्त आणले होते. करारपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचे पुस्तक. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून नुकसानभरपाईचे अर्ज मागवले गेले, तेव्हा ते कागद त्याच्या कामी आले.

हे सगळे सांगितल्यावर मुलगा म्हणाला, "मामा, इतिहास ठीक आहे. पण तिथं जाऊन राहायचं कसं?" मग त्याला मी आमच्याच मजल्यावरच्या एका गृहस्थांकडे नेले. मस्कत आणि शारजा मिळून चौदा वर्षे त्यांनी प्लंबरचे काम केले आहे. ते म्हणाले, "भाषेला घाबरू नकोस, अर्धी भाषा तुला येतेच." आणि खरेच आहे. हिशेब, तारीख, वकील, कायदा, मालक, मुकादम, हमाल, रक्कम, कर्ज, मुदत, सफर, मुक्काम, हे सगळे शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आलेले. 'दलाल' हा शब्दही त्यांचाच, आणि अर्थही तोच! हक्क हा शब्द त्यांचा. अनेक हक्क असले की ते 'हुकूक' म्हणतात. 'साहेब' म्हणजे मूळ अरबीत सोबती. हे ऐकून आम्ही तिघेही थोडा वेळ भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहत राहिलो.

काही शब्दांनी मात्र वाटेत अर्थ बदलला. 'वतन' म्हणजे तिकडे मायदेश. आपल्या पणजोबांच्या तोंडी वतन म्हणजे महारकी, गावची वेठ, जिच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले आणि जी १९५८ च्या कायद्याने एकदाची संपली. आणि 'गरीब' म्हणजे अरबीत परका, परमुलखातला. प्लंबरभाऊ म्हणाले, "मला कोणी गरीब म्हटलं की मी आधी चिडायचो. मग कळलं की तो मला परका म्हणतोय. दोन्ही खरंच होतं म्हणा."

उलट आपलेही शब्द तिकडे गेले आहेत. आखातात नाक्यानाक्यावर 'करक' नावाचा चहा मिळतो. तो आपला कडक चहाच. रस्ता सांगताना ते 'सीदा' म्हणतात. इराकमध्ये कैरीचे आंबट-तिखट लोणचे मिळते, त्याचे नाव 'अंबा'. ते मुंबईतल्या बगदादी ज्यू व्यापाऱ्यांनी तिकडे नेले असे सांगतात. ज्यांच्या नावाने ससून डॉक आहे ते ससून घराणे त्यांतलेच. डेव्हिड ससून बगदादचा, घरची भाषा अरबी. कोळणी पहाटे ज्या धक्क्यावर मासळी घेतात, त्याची पाळेमुळे अशी बगदादला पोचतात.

ताईंना वेगळीच काळजी होती. "बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो नेता येईल का?" प्लंबरभाऊंनी सरळ सांगितले. ओमान, बहरीन, अमिरात इथे इतर धर्मांची मंदिरे, चर्च उघड आहेत. सौदीत इस्लामशिवाय दुसऱ्या धर्माची उघड उपासना चालत नाही, तेव्हा मूर्ती सामानात घालू नये. "फोटो मोबाईलमध्ये ठेव. वंदना मनात म्हण, ती कोणी तपासत नाही." इथेही 'सगळे अरबच ना' चालत नाही, हे ताईंच्या ध्यानात आले.

कामाचे कायदेही देशादेशांत वेगळे. परक्या कामगाराला जामीन राहणाऱ्या मालकाला तिकडे 'कफील' म्हणतात आणि त्या पद्धतीला 'कफाला'. वर्षानुवर्षे कफीलच्या परवानगीशिवाय कामगाराला नोकरी बदलता येत नसे. कतारने २०२० साली ती अट काढली आणि मार्च २०२१ पासून महिना किमान १००० रियाल मूळ पगार ठरवला. सौदीनेही मार्च २०२१ पासून खासगी कंपन्यांतल्या कामगारांना ठराविक अटींवर नोकरी बदलायची मुभा दिली, पण घरकामगार त्यातून वगळले. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातले काम बंद ठेवावे लागते. वेल्डरला हे ठाऊक असलेले बरे, कारण एकदा तापलेल्या लोखंडाजवळ उभे राहिले की मुकादम घड्याळ पाहत नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी मुलाला घेऊन नालासोपाऱ्याला गेलो. केबिन रोडवरून स्टेशनात यायचे, विरार गाडी धरायची, खाडीचा पूल ओलांडायचा आणि नायगाव, वसईनंतर तिसरे स्टेशन. पुलावरून खाली पाणजू बेट दिसते. मुलाला म्हटले, या खाडीतून आणि पलीकडच्या सोपाऱ्यातून अरब गलबते ये-जा करीत, तुझ्या विमानाच्या हजार वर्षे आधी. वाऱ्याच्या ऋतूला ते 'मौसिम' म्हणत, त्यावरूनच मान्सून.

सोपारा म्हणजे जुने शूर्पारक. तिथला स्तूप भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकरला. आतल्या पेटीत भिक्षापात्राचे तुकडे आणि बुद्धांच्या आठ लहान मूर्ती मिळाल्या. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्याच साली इथे सापडला. अरब प्रवाशांच्या ग्रंथांत या बंदराचे नाव 'सुबारा' असे येते. त्यांतला अल-मसूदी इसवी सन ९१६ च्या सुमारास आपल्या किनाऱ्याला आला होता. चौलला दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले. आणि याच रेल्वेने पुढे गेले की पालघर जिल्ह्यात चिंचणी गाव आहे. तिथे एक ताम्रपट सापडला, इसवी सन ९२६ चा. त्यात राष्ट्रकूट राजाने संजानच्या प्रांतावर नेमलेल्या एका अरब अधिकाऱ्याची हकिकत आहे. मोहम्मद हे नाव संस्कृतात 'मधुमति' असे कोरले आहे. त्याने काय केले? दोन नद्यांवर फुकट होडी चालू केली आणि एक अन्नछत्र घातले, जिथे भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. मुलगा म्हणाला, "मामा, म्हणजे तेव्हा तो इकडं नोकरीला होता." मी म्हटले, "होय, आणि त्याला नेमणुकीचा पक्का कागद होता."

स्तूपाच्या विटांजवळ बसून मी त्याला बर्मकांचेही सांगितले. बगदादच्या हारून अल-रशीद खलिफाचे नावाजलेले वजीर बर्मक घराण्यातले. त्यांचे पूर्वज बल्ख येथील नवविहार नावाच्या बौद्ध विहाराचे प्रमुख होते. त्या काळी बगदादमध्ये आपल्याकडचे वैद्यकाचे आणि गणिताचे ग्रंथ अरबीत आले, आणि बुद्धाच्या चरित्राची कथाही अरबीत लिहिली गेली. मुलाने हे किती ऐकले कोण जाणे. तो मोबाईलवर जुबैलचे तापमान पाहत होता. चव्वेचाळीस.

दुसऱ्या दिवसापासून कागदांच्या मागे लागलो. दहावी पास नसल्यामुळे मुलाच्या पासपोर्टवर 'ईसीआर' आहे, म्हणजे सौदीसारख्या देशात कामाला जायचे तर १९८३ च्या परदेशगमन कायद्याप्रमाणे सरकारी परवानगी लागते. ती 'ई-मायग्रेट' या सरकारी यंत्रणेतून मिळते आणि मुंबईचे त्याचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात विदेश भवनात आहे. परवाना असलेल्या प्रत्येक एजंटाला नोंदणी क्रमांक असतो. आम्ही पाहिले, तर त्या नव्वद हजारवाल्याचे नाव यादीत नव्हतेच. त्याला फोन केला तर म्हणाला, "परवानगीची गरज नाही, व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिथं गेल्यावर बदलून घेऊ." ताईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला जे सुनावले ते या कौटुंबिक पानावर छापता येणार नाही.

पाटल्या मोडल्या नाहीत. पाच महिने गेले. परवानाधारक एजंट शोधला. नियमाने त्याला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो, पावती देऊन. मुलाची ट्रेड टेस्ट झाली, मेडिकल झाली, करार हाती आला. जागा पुन्हा जुबैलचीच निघाली. पगार, जेवण, राहणे, सुट्टी, परतीचे तिकीट, एकेक ओळ आम्ही स्वयंपाकघरात बसून वाचली. प्रवासी भारतीय विमा योजनेचा दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर १० लाख. ताईंनी तो कागद वाचायला नकार दिला, पण पैसे मोजून दिले. सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स काढल्या. एक संच मुलाच्या बॅगेत, एक ताईंच्या ट्रंकेत पाटल्यांखाली, एक माझ्याकडे.

आता रात्री साडेदहाला ताईंच्या घरी फोन वाजतो. तिथे तेव्हा आठ वाजलेले असतात, पोराची आंघोळ होऊन जेवण लागलेले असते. पहिले दोन महिने तो रडला. मग खबूस चावायला शिकला. बसचा नंबर वाचायला शिकला, पाच आणि शून्य ओळखायला लागला. त्याच्या खोलीत एक इजिप्तचा फिटर आहे, त्याच्याही आईचा रोज फोन येतो.

परवा केबिन रोडवर भाजी घेताना कोणीतरी ताईंना विचारले, "पोरगा दुबईला ना?" ताईंनी पिशवी खाली ठेवली आणि सांगितले, "नाही हो. सौदीला. जुबैल. आखाताच्या अंगाला आहे, पूर्वी मोत्यांचं गाव होतं."